घरच्या घरी कॉफीचं क्रीमी कॉकटेल: फिल्टर डिकॉक्शन, रम आणि थंडगार क्रीम

व्हाइट रशियन हे कॉकटेल कागदावर अगदी सोपं दिसतं: व्होडका, कॉफी लिकर म्हणजे कॉफीचं गोड मद्य, आणि क्रीम. तरीही ते अनेकदा फसतं, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. ग्लासातलं पेय गोड असतं, पांढरं असतं, गारही असतं, पण त्यात कॉफी लागत नाही. क्रीम कॉफीचा कडूपणा झाकतं, बर्फ तिचा वास दाबतो आणि जिभेवर उरते ती साखर. म्हणून हे कॉकटेल घरी करायचं ठरवलं की पहिलं लक्ष कॉफीकडे द्यायचं. व्होडका कुठली, ग्लास कुठला, हे प्रश्न त्यानंतरचे.

मुंबईत राहणाऱ्याला चांगल्या कॉफीसाठी लांब जावं लागत नाही. माटुंग्याला पूर्वेकडे उतरलं की स्टेशनच्या आसपासच कॉफीच्या बिया भाजून, दळून देणारी जुनी दुकानं आहेत. म्हैसूर कन्सर्न्स त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं. तुमच्यासमोर दळलेली पाव किलो पूड आणि एक पितळी किंवा स्टीलचा फिल्टर एवढ्यावर जी कॉफी निघते, ती कॉकटेलसाठी महागड्या एस्प्रेसो मशीनच्या तोडीची असते. दाट, काळी, थोडक्या मापात भरपूर चव देणारी. क्रीमच्या खाली टिकून राहायला अशीच कॉफी लागते.

थोडी पूर्वपीठिका सांगते, कारण कृतीत पुढे तिचा उपयोग आहे. ब्लॅक रशियन, म्हणजे व्होडका आणि कॉफी लिकर, हे १९४९ च्या सुमारास ब्रसेल्सच्या हॉटेल मेट्रोपोलमध्ये गुस्ताव टॉप्स या बारटेंडरने पहिल्यांदा केलं असं मानतात. त्यात क्रीम आलं आणि व्हाइट रशियन झालं. रशियाचा संबंध एवढाच की त्यात व्होडका आहे. यात वापरलं जाणारं सर्वांत प्रसिद्ध कॉफी लिकर म्हणजे काहलुआ. ते १९३६ मध्ये मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझमध्ये सुरू झालं, आणि त्याचा पाया रमचा आहे. रम, साखर, कॉफी. तिन्ही गोष्टी आपल्याकडे मुबलक आणि उत्तम मिळतात. परदेशी बाटलीवर आयात शुल्क आणि राज्याचे कर भरण्यापेक्षा घरी केलेलं लिकर स्वस्त पडतं आणि साखरेचं माप आपल्या हातात राहतं. माझ्या दृष्टीने दुसरं कारण जास्त महत्त्वाचं.

सुरुवात करण्यापूर्वी कायद्याचं बघू. महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्यापासून हे चालत आलेलं आहे. एका दिवसाचा परवाना वाइन शॉपमध्येच मिळतो, वर्षाचा किंवा आजीवन परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून घेता येतो. रम, व्होडका, व्हिस्कीसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. पुढे दिलेलं सगळं घरातल्या माणसांपुरतं आहे. बाटल्या भरून विकणं, अगदी सोसायटीच्या दिवाळी स्टॉलवरसुद्धा, परवान्याशिवाय गुन्हा ठरतो. आणि पाहुणे ज्या दिवशी येणार तो ड्राय डे नाही ना, एवढं आठवड्याआधी कॅलेंडरमध्ये पाहून ठेवा.

कॉफीची पूड

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो चिकोरी किती टाकू याचा. ८०:२०, ७०:३०, ६०:४० अशी मिश्रणं सर्रास मिळतात. पहिला आकडा कॉफीचा, दुसरा चिकोरीचा. चिकोरी हे एका वनस्पतीचं भाजून दळलेलं मूळ असतं. ती रंग आणि दाटपणा देते, कडवटपणाही देते, पण कॉफीचा सुगंध देऊ शकत नाही. गरम दुधाच्या कॉफीत ७०:३० छान लागते. थंड कॉकटेलमध्ये मात्र वास आधीच कमी येतो, त्यामुळे सुगंध देणारी कॉफी जेवढी जास्त तेवढं चांगलं. मी निव्वळ कॉफी घेते. ८०:२० पर्यंत जायला हरकत नाही. क्रीममध्ये चिकोरीचा दाटपणा कामी येतो. त्याच्या पुढे गेलं की पेयाला जळक्या पिठासारखी चव येते.

बिया जरा गडद भाजलेल्या घ्या. फिक्या भाजलेल्या कॉफीत आंबटपणा जास्त असतो, आणि आंबटपणाचं क्रीमशी पटत नाही. पीबेरी आणि प्लँटेशन ए या बियांच्या प्रतींतला फरक या पेयात फारसा कळणार नाही, तेव्हा त्यावर जास्त पैसे घालवू नका. पूड ताजी असू द्या, एवढं मात्र नक्की पाहा. जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत उघडी राहिलेली पूड दमट होऊन चव घालवते, म्हणून पावसाळ्यात एका वेळी शंभर-दीडशे ग्रॅमच आणा आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा.

इन्स्टंट कॉफीने काम होतं का? होतं, फक्त डब्यावरचं नीट वाचा. नेसकॅफे क्लासिक निव्वळ कॉफीची असते, ब्रू इन्स्टंट आणि सनराइजमध्ये चिकोरी असते. पुढच्या लिकरसाठी २०० मिली डिकॉक्शनऐवजी, म्हणजे फिल्टरमधून उतरलेल्या दाट काळ्या कॉफीऐवजी, तेवढ्याच गरम पाण्यात २० ग्रॅम इन्स्टंट कॉफी विरघळवा. चव ठीक येते. पण फिल्टरची सर येत नाही.

डिकॉक्शन

लिकरसाठी आपल्याला २०० मिली डिकॉक्शन हवं आहे. त्यासाठी ७० ग्रॅम पूड आणि साधारण ३५० मिली पाणी लागतं. पूड आपल्या वजनाच्या दुपटीएवढं पाणी धरून ठेवते, म्हणून घातलेलं सगळं पाणी खाली येत नाही. घरचा फिल्टर लहान असेल तर हेच दोन खेपांत करा. एकाच वेळी काठोकाठ भरलात तर पाणी मधूनच वाट काढतं आणि डिकॉक्शन पातळ येतं.

फिल्टरचं वरचं भांडं उकळत्या पाण्याने विसळून गरम करून घ्या. पूड घाला, भांडं हलकेच आपटून सपाट करा आणि वरची चकती ठेवा. चकती दाबायची नाही, नुसती टेकवायची. जोर लावला की छिद्रं तुंबतात आणि अर्ध्या तासाने खाली चार थेंब दिसतात. पाण्याला उकळी आल्यावर गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. मग पूड भिजेल एवढंच, तीन-चार चमचे पाणी घाला आणि पुन्हा अर्धा मिनिट थांबा. पूड फुगते, तिच्यातली हवा निघून जाते. आता उरलेलं पाणी कडेने गोल फिरवत सावकाश ओता, झाकण ठेवा आणि फिल्टरला हात लावू नका. वीस-पंचवीस मिनिटांत बहुतेक डिकॉक्शन उतरतं.

हे पहिलं डिकॉक्शन. त्याच पुडीवर पुन्हा पाणी घालून दुसरं काढायची सवय अनेक घरांत असते, आणि सकाळच्या कॉफीत ते खपूनही जातं. इथे ते मिसळू नका. दुसऱ्या पाण्यात सुगंध जवळजवळ नसतो आणि तुरटपणा तेवढा उतरतो.

डिकॉक्शन निवलं की झाकून फ्रिजमध्ये ठेवा. थोडं जास्तच काढा, कारण प्रत्येक ग्लासातही ताजं डिकॉक्शन घालायचं आहे. नुसतं डिकॉक्शन दोन दिवसांत वापरून टाका. शिळं झालं की ते आंबटसर होतं आणि क्रीम फाटायचा धोका वाढतो.

रमचं कॉफी लिकर

आता सामान काढून ठेवा. २५० ग्रॅम साखर, १०० मिली पाणी, २०० मिली गार डिकॉक्शन, ३६० मिली डार्क रम म्हणजे दोन क्वार्टर, अर्धा चमचा व्हॅनिला इसेन्स आणि चिमूटभर मीठ. रम म्हणजे माझ्या घरी ओल्ड मंक. तिच्यात मुळातच व्हॅनिला आणि करपलेल्या साखरेचा वास आहे, तो कॉफीला जुळतो. पांढरी रम वापरली तर लिकर सपक लागतं. आपल्याकडच्या बहुतेक रम आणि व्होडकात ४२.८ टक्के मद्यार्क असतो, त्या हिशेबाने हे लिकर साधारण १९ टक्क्यांच्या आसपास बसतं.

जाड बुडाच्या पातेल्यात २५० ग्रॅमपैकी ५० ग्रॅम साखर कोरडीच घाला आणि मंद आचेवर ठेवा. कडेने ती वितळायला लागेल. चमच्याने सारखं ढवळू नका, पातेलं फिरवत राहा. रंग मधासारखा झाला की डोळे पातेल्यावरून हलवायचे नाहीत, कारण इथून पुढे करपायला काही सेकंदच लागतात. गडद तांबूस रंग आला की गॅस बंद करा आणि १०० मिली गरम पाणी कडेने हळूहळू सोडा. पाणी पडताच जोरात चरचरतं, वाफ उसळते. हात लांब ठेवा आणि लहान मुलं ओट्याजवळ नकोत. साखरेचे कडक तुकडे झाले तर घाबरू नका, पुन्हा मंद आचेवर ठेवलं की विरघळतात. मग उरलेली २०० ग्रॅम साखर घालून ती पूर्ण विरघळेपर्यंतच गरम करा. तार येऊ द्यायची नाही. आपण जिलबीचा पाक करत नाही.

साखर करपवायची खटपट कशासाठी, तर गोडव्याला थोडा कडूपणा आणि खोली यावी म्हणून. ही पायरी वगळली तरी लिकर होतं. केली तर रम, कॉफी आणि साखर वेगवेगळ्या न लागता एकजीव लागतात.

पाक पूर्ण गार होऊ द्या. मग डिकॉक्शन, मीठ, व्हॅनिला घाला आणि शेवटी रम. पाक गरम असताना आणि गॅस चालू असताना रम ओतायची नाही, हे अगदी गांभीर्याने सांगते आहे. मद्याची वाफ झटकन पेट घेते. शिवाय ती उडून गेली की लिकरची ताकदही जाते. हे सगळं मलमलच्या स्वच्छ फडक्यातून किंवा कागदी कॉफी फिल्टरमधून गाळा, उकळून वाळवलेल्या काचेच्या बाटलीत भरा. साधारण ८०० मिली होईल.

पहिल्या दिवशी चाखलंत तर रमचा झोंबरेपणा वर येतो. तीन दिवसांनी तो निवतो, आठवड्याने लिकर खरंच गोल लागतं. फ्रिजमध्ये दोन महिने चांगलं राहतं. तळाला बारीक गाळ बसला तर बाटली न हलवता वरचं ओतून घ्या.

साखरेऐवजी गूळ घालू का, असं हमखास विचारलं जातं. गुळाचं कॉफी लिकर नुसतं बर्फावर प्यायला फार चांगलं लागतं. पण खिरीत गूळ घालताना दूध का फाटतं हे आपल्या स्वयंपाकघरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि इथेही तोच धोका आहे. क्रीमच्या कॉकटेलसाठी साखरच बरी.

क्रीम

बाजारात क्रीमच्या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी मिळतात. कागदी खोक्यातलं फ्रेश क्रीम, उदाहरणार्थ अमूलचं, ज्यात २५ टक्के फॅट असतं. डेअरीचं व्हिपिंग क्रीम, ज्यात त्याहून जास्त फॅट असतं. आणि केकवाले वापरतात ते वनस्पती तेलाचं व्हिपिंग टॉपिंग. तिसरं घेऊ नका. ते आधीच गोड असतं आणि थंड पेयात जिभेवर तेलकट थर ठेवतं.

चौथी गोष्ट म्हणजे घरची साय. चार-पाच दिवस साठवलेली साय लोणी काढायला असते. तिला हलका आंबूसपणा आलेला असतो, तो कॉफीत लगेच कळतो आणि क्रीम फाटतंही. त्याच दिवशीच्या म्हशीच्या दुधाची जाड साय दोन चमचे दुधात घुसळून गाळून घेतली तर चालते. पण त्यासाठी मुद्दाम धडपड करण्याइतका फरक पडत नाही.

मी फ्रेश क्रीम घेते आणि पातळ करते: ६० मिली क्रीमला ३० मिली थंड फुल क्रीम दूध. एवढ्यात तीन ग्लास होतात. खोक्यातलं क्रीम तसंच ओतलं तर त्याचा गोळा पडतो. दुधासह ते एका छोट्या बरणीत घालून, झाकण लावून दहा-बारा वेळा हलवलं की ते ओतता येण्याजोगं, किंचित फेसाळ होतं. एवढंच पुरे. जास्त हलवत राहिलात तर रवा दिसायला लागतो. तो लोण्याचा रवा असतो आणि तिथून परत फिरता येत नाही.

फाटण्याबद्दल एकदा नीट समजून घेऊ. दुधातलं केसीन हे प्रथिन आम्लता वाढून पीएच ४.६ च्या आसपास आली की गोठतं (पीएचचा आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त). कॉफी आम्लधर्मी असते, तिची पीएच साधारण ५ असते, म्हणजे ती त्या रेषेच्या जवळच उभी असते. त्यात कडक मद्य आणि उष्णता आली की केसीन आणखी अस्थिर होतं. उपाय या तीन गोष्टींतूनच निघतो. सगळं सामान फ्रिजइतकं गार ठेवा. मद्य आणि कॉफी आधी एकत्र करून बर्फाने सौम्य होऊ द्या, क्रीम शेवटी घाला. आणि दुधापेक्षा क्रीम वापरा, कारण त्यात फॅट जास्त आणि केसीन कमी असतं. नुसत्या टोन्ड दुधावर हे कॉकटेल करणाऱ्यांच्या ग्लासात कण दिसतात ते यामुळेच.

बर्फ

मुंबईच्या एप्रिल-मेमध्ये लहान तुकड्यांचा बर्फ ग्लासात पाच मिनिटं टिकत नाही आणि पेयाचं पाणी होतं. स्टीलच्या लहान वाट्यांत पाणी भरून मोठे तुकडे गोठवा; ते हळू वितळतात. बर्फ झाकून ठेवा. ज्या फ्रिजरमध्ये बोंबील, सुकट किंवा मटण आहे, तिथल्या उघड्या बर्फाला तो वास लागतो, आणि क्रीमच्या पेयात असा वास लपत नाही.

पाहुणे जास्त असतील तर खाण्याच्या बर्फाच्या बंद पिशव्या आणा. हातगाडीवरची किंवा मासळीबाजारातली लादी आणायची नाही. अखाद्य बर्फ निळसर रंगवूनच विकायचा असा नियम राज्यात २०१८ पासून आहे, तो निळा रंग दिसला तर तो बर्फ पेयात कधीही घालू नका.

एक ग्लास

रुंद, बुटका काचेचा ग्लास वीस मिनिटं फ्रिजरमध्ये ठेवा. व्होडकाची बाटली आणि लिकरही थंड असू द्या.

माप असं: ३० मिली व्होडका म्हणजे एक छोटा पेग, ४५ मिली घरचं कॉफी लिकर, १५ मिली ताजं गार डिकॉक्शन, आणि वर ३० मिली पातळ केलेलं क्रीम. पेग मेजर नसेल तर मोजायचा मोठा चमचा घ्या, तो १५ मिलीचा असतो. अंदाजाने ओतू नका. तीन-चारच वस्तू असलेल्या पेयात दहा मिलीचा फरक ठळक जाणवतो.

आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या कृतीत व्होडका ५० मिली आणि लिकर फक्त २० मिली आहे. मी ते उलटं केलं आहे, आणि त्यामागे विचार आहे. व्होडकाला स्वतःची चव फारशी नसते, ती ताकद देते. आपलं लिकर बाजारच्यापेक्षा कमी गोड आणि जास्त कॉफीचं आहे, त्यामुळे ते वाढवलं तरी पेय चिकट होत नाही. आणि ताज्या डिकॉक्शनचा तो एक चमचा फार मोठं काम करतो: लिकरमधली कॉफी मुरलेली असते, तिचा सुगंध बसलेला असतो, वरून पडलेली ताजी कॉफी तो परत आणते.

ग्लासात दोन मोठे बर्फाचे तुकडे. त्यावर व्होडका, लिकर, डिकॉक्शन. लांब चमच्याने पंधरा-वीस सेकंद ढवळा. ग्लास बाहेरून घामेजला की झालं. आता चमचा पालथा धरून त्याचं टोक बर्फाला टेकवा आणि क्रीम त्याच्या पाठीवरून अगदी सावकाश सोडा. खालचं मिश्रण साखरेमुळे जड असतं, हलवलेलं क्रीम हवेमुळे हलकं, म्हणून ते वर तरंगतं. क्रीम खाली बुडालं तर बहुधा ते कमी हलवलेलं असतं किंवा हात घाईचा असतो.

वर जायफळ किसा. मराठी घरातली जुनी दुधाची कॉफी जायफळाशिवाय होतच नसे. सणावारी, जागरणाला, पाहुण्यांना ती तशीच दिली जायची. तिकडे ब्रँडी अलेक्झांडर या क्रीमच्या कॉकटेलवरही जायफळच किसतात. म्हणजे या पेयावर जायफळ दोन्हीकडून हक्काचं आहे. अख्खं जायफळ किसणीवर दोनदा ओढा, पुरे. तयार पूड वापरू नका, ती लाकडासारखी लागते. वेलची मी टाळते. क्रीममध्ये ती कॉफीला मागे ढकलते आणि पेय मिठाईच्या वाटेला जातं.

प्यायच्या आधी ढवळायचं की नाही? पहिले दोन घोट न ढवळता घ्या, म्हणजे गार क्रीममधून कडक कॉफी येते. त्यानंतर हवं तर ढवळा.

पूर्ण एकजीव, फेसाळ पेय आवडत असेल तर हेच माप क्रीमसकट बर्फाबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा जिमच्या शेकर बाटलीत घालून बारा सेकंद जोरात हलवा आणि गाळून ओता. मिक्सरमध्ये व्हॅनिला आइस्क्रीम घालूनही करता येतं. मग त्याचं मिल्कशेक होतं.

चवीच्या दुरुस्त्या ग्लासातच करता येतात. फार गोड लागलं तर आणखी एक चमचा डिकॉक्शन. कडू लागलं तर साखरेआधी मिठाचे चार-पाच दाणे घालून पाहा, मीठ कडूपणा मऊ करतं. पाणचट झालं तर बर्फ लहान होता.

व्हिस्कीचं क्रीम लिकर

बेलीज हे आयरिश क्रीम १९७४ मध्ये बाजारात आलं. त्याची घरगुती बहीण दहा मिनिटांत होते: अर्धा डबा म्हणजे २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, २५० मिली फ्रेश क्रीम, १८० मिली व्हिस्की, दोन चमचे इन्स्टंट कॉफी, एक चमचा कोको, थोडं व्हॅनिला. कॉफी आणि कोको दोन चमचे गरम पाण्यात कालवून गार करा, कंडेन्स्ड मिल्कमध्ये मिसळा, मग थोडी थोडी व्हिस्की, शेवटी क्रीम. हाताच्या व्हिस्कने हलवा. मिक्सर लावला तर लोणी निघेल. कारखान्यात फॅटचे कण अतिसूक्ष्म केलेले असतात, म्हणून ती बाटली बाहेर टिकते. घरची कायम फ्रिजमध्ये ठेवायची आणि आठवड्यात संपवायची. मुंबईत ती तासभरही ओट्यावर विसरू नका.

नारळाचं दूध

ज्यांना दूध सोसत नाही त्यांच्यासाठी पहिल्या पिळणाचं घट्ट नारळाचं दूध चांगलं चालतं, आणि रम, कॉफी, नारळ ही चव क्रीमपेक्षा मला कुठे कमी वाटत नाही. अडचण एकच: नारळाची चरबी साधारण २४ अंशांखाली गोठते, त्यामुळे फ्रिजमध्ये ठेवलेल्या दुधात गुठळ्या होतात. म्हणून हे दूध आधी गार करायचं नाही. सगळं एकत्र बर्फावर हलवा, लगेच गाळा, लगेच द्या. यात व्होडकाऐवजी रम घाला.

किती, आणि कोणाला

वर दिलेल्या एका ग्लासात साधारण ५० मिली कडक दारूइतकं मद्य असतं. क्रीम आणि साखरेमुळे ते घशाला लागत नाही, आणि कॉफीतल्या कॅफीनमुळे डोकं ताजं वाटत राहतं. पण कॅफीन नशा उतरवत नाही, फक्त झोप लांबवतं. माणसाला आपण शुद्धीवर आहोत असं वाटतं आणि हातपाय मात्र मंदावलेले असतात. म्हणून माझ्या घरी हे जेवणानंतर एकच, फार तर दोन, आणि ज्याला गाडी चालवायची आहे त्याला अजिबात नाही. शेवटची लोकल गेली असेल तर टॅक्सी.

न पिणाऱ्यांसाठी तोच ग्लास, तोच बर्फ, तेच क्रीम: ४५ मिली डिकॉक्शन, २० मिली करपवलेल्या साखरेचा पाक, ४५ मिली थंड दूध, वर क्रीमचा थर आणि जायफळ. त्यांच्यासाठी पाक रम घालण्याआधीच वेगळा काढून ठेवा.

सहा जणांसाठी करायचं असेल तर १८० मिली व्होडका, २७० मिली लिकर आणि ९० मिली डिकॉक्शन सकाळीच एका जगमध्ये मिसळून फ्रिजमध्ये ठेवा. प्रत्येक ग्लासात बर्फावर यातलं ९० मिली ओता आणि ढवळा. क्रीम मात्र १२० मिलीला ६० मिली दूध या मापाने देण्याच्या वेळीच हलवायचं, आणि जगमध्ये न मिसळता एकेका ग्लासावर वरून सोडायचं.